बघणारी आणि ऐकणारा

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाकिटावरचं तुझं अक्षर बघून टपालवाल्यानं मला विचारलं, की पाठवणारे मास्तर आहेत की पुढारी. मी म्हटलं, दोन्ही नाहीत, पण दोघांनाही भाषणात लोळवतील. वर्तमानपत्र सोडून तुला एकोणीस वर्षं झाली, तरी पत्र लिहिताना तुझ्यासमोर माइक असतोच.

तू मोबाइल घेत नाहीस म्हणून आई तुला गुहेतला माणूस म्हणते. मला मात्र बरं वाटतं. नऊ तास स्क्रीनकडे बघून आल्यावर कागदावर लिहायला मिळणं ही चैन आहे.

माझं काम तू सभेत सांगतोस त्यापेक्षा साधं आहे. मारहाणीचे, गोळीबाराचे, स्फोटाचे जे व्हिडिओ लोक बातमीदारांकडे पाठवतात, ते खरे का, कुठले, कधीचे, हे ठरवायचं. आमच्या पडताळणी विभागात प्रत्येक व्हिडिओला दोन माणसं लागतात. एक नुसतं बघतो: आवाज बंद, रंग काढून टाकलेले, चौकट पत्त्याएवढी. दुसरा डोळे मिटून नुसतं ऐकतो. पूर्ण व्हिडिओ एकट्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ही वाटणी. बघणारी मी, ऐकणारा कानसेन. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाच आठवत असेल. तो नोव्हेंबरात हवामान विभागात गेला. दार आपटलं की त्याच्या हातातला कप खाली यायचा. आता तो ‘उद्या अंशतः ढगाळ’ लिहितो आणि म्हणतो, आयुष्यात इतकं सुंदर वाक्य लिहिलं नव्हतं. त्याच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.

आता मुख्य बातमी. कारखान्याच्या फाटकावरच्या गोळीबाराची चौकशी सुरू झाली आहे आणि चौकशी समितीनं मला साक्षीला बोलावलं आहे, १२ मार्चला. तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ मीच तपासला होता ना. फाटकाच्या खांबाची सावली मोजून मी वेळ काढली: एक वाजून पन्नास मिनिटं, पंधरा मिनिटं इकडे किंवा तिकडे. दगडफेक दोन वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली, हे दोन्ही बाजूंना मान्य आहे. कारखान्याचा वकील त्या पंधरा मिनिटांना धरून लोंबकळणार, की बघा, गोळीबार दगडांनंतरही झाला असेल.

ऑफिसात डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी मिळते. घ्यावी का, असा विचार आहे. फार काही नाही. बागेत बाकावर कुणी झोपलेलं दिसलं, की ते हलेपर्यंत मला तिथून निघता येत नाही. काल चार बस सोडल्या. पाचव्या वेळी त्या गृहस्थांनी कूस बदलली. तू काय म्हणतोस?

तू दिलेलं भिंग टेबलावरच आहे. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.
तुझी,
भिंग


९ फेब्रुवारी

चि. भिंगास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिलो. मग लक्षात आलं, की घरात मी आणि पाण्याचा माठ असे दोघेच आहोत. म्हणून बसून लिहितो आहे.

त्या फाटकासमोर अकरा माणसं पडली. त्यांचं मागणं काय होतं? छप्पर गळतं, यंत्रावर पाणी पडतं, माणसाला विजेचा झटका बसेल, दुरुस्त करा. एवढंच! जगात आजवर जितके राजवाडे जळाले, त्यांतल्या निम्म्यांची सुरुवात गळक्या छपराच्या अर्जापासून झाली असेल. अर्ज वाचायला यांना सवड नव्हती, गोळ्या मोजून द्यायला होती. आणि आता सांगतात, आधी दगड आले. माणसं मारायची ती मारायची, वर घड्याळसुद्धा आपल्याच मनगटावरचं खरं म्हणायचं!

पोरी, मारणाऱ्याला मेलेल्याची भीती वाटत नाही, बघणाऱ्याची वाटते. तू बघितलं आहेस. तेव्हा जा आणि सांग.

डॉक्टरांचं म्हणशील, तर १२ मार्चपर्यंत ती पायरी चढू नकोस. स्पष्टच लिहितो. तुझ्या नावानं कागद झाला, की तो त्यांच्या वकिलाच्या हातात पडलाच समज. बाईंचं डोकं ठिकाणावर नाही, असं तो भर समितीत नाचून सांगेल, आणि अकरा माणसं दुसऱ्यांदा मरतील. पाच आठवडे कळ काढ. दाढ ठणकत असताना मी दीड तास बोललो आहे आणि लोकांना वाटलं, अश्रू विषयामुळे आले. झोपलेल्या माणसाची काळजी वाटणं हा आजार नव्हे, ती न वाटणं हा आजार.

ताईची पाठ बरी आहे. सकाळी समोरच्या सभागृहात बायकांच्या व्यायामाच्या वर्गाला जाते आणि दुपारभर मला त्यावर व्याख्यान देते. भाषणाचा रोग आमच्या घराण्यातच आहे.

ताठ उभी राहा. आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच.
तुझा,
मामा


१७ फेब्रुवारी

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

मी जिवंत आहे. पत्राची अशी सुरुवात करायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

फोनवर तू रडत होतीस आणि मी ओरडत होते, त्यामुळे नीट सांगायचं राहिलं. झालं असं. आमच्या वर्गात शेवटची पाच मिनिटं जमिनीवर हातपाय सैल सोडून अगदी निपचित पडायचं असतं. बाई म्हणतात, पाठीला तेच औषध. त्या दिवशी शेजारणीनं मोबाइलवर माझा व्हिडिओ काढला आणि कौतुकानं तुला पाठवला. पुढे वीस मिनिटांत दारात तू बोलावलेली रुग्णवाहिका! दोन धट्टेकट्टे गडी स्ट्रेचर घेऊन धावत आत आले आणि मी तोवर चपला घालून पाणी पीत उभी. त्यांनी मलाच विचारलं, की बेशुद्ध बाई कुठे आहेत. मी म्हटलं, मीच ती. त्यांच्यातला एक हसला, दुसऱ्यानं वहीत माझी सही घेतली. समोरच्या आजोबांनी तर गल्लीभर सांगितलं, की मी गेले. संध्याकाळी भेटायला आलेल्यांना मीच दार उघडत होते.

सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. पण राणी, घरी आल्यावर मला थंडी वाजून आली. तू आवाज लावून का नाही बघितलंस गं? आपल्या आईचा व्हिडिओ आवाज बंद करून कुणी बघतं का? व्हिडिओत सगळ्या का हसत होत्या ते मात्र मला विचारू नकोस, मी सांगणार नाही.

तुझ्या मामाला ही गंमत सांगितली. मला वाटलं होतं, तासभर थट्टा करील. तो उठून घरीच गेला. चहा अर्धा टाकून. त्याला काय झालं कोण जाणे.

वेळेवर जेव. आठवण काढते आहे, तुझीही पोचती कर.
तुझी,
आई


२० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईनं तुला रुग्णवाहिकेची गंमत सांगितली. मला काय दिसलं ते मी तुला सांगते. आईला सांगू नकोस.

व्हिडिओ आला तेव्हा मी ऑफिसातच होते. हाताला सवय आहे. आवाज बंद केला, रंग काढले, चौकट लहान केली. मगच बघायला लागले. करड्या फरशीवर एक बाई पडलेली. हात पसरलेले, तळवे वर. भोवती सहा जोड्या पावलांच्या. वाकलेल्या बायका, तोंडावर हात, खांदे गदगदा हलताहेत. मामा, आवाज नसला की हसणं आणि रडणं अगदी सारखं दिसतं. मी सतरा सेकंद छातीकडे बघत होते, श्वास दिसतो का म्हणून. सतराव्या सेकंदाला मला पायातलं जोडवं ओळखू आलं. आईला मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं नाही. चेहऱ्याकडे बघायचं नाही ही सवय लागली आहे.

आता दुसरी गोष्ट. ही जास्त वाईट आहे.

फाटकाचा व्हिडिओ आला तेव्हा कानसेन हवामानात गेलेला होता. मी एकटीच होते. बाहेर फिरतो आहे त्या व्हिडिओवर कुणीतरी शोकगीत चढवलं आहे. मूळ आवाजाचा फक्त आमच्याकडे आहे, समोरच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं खिडकीत मोबाइल टेकवून घेतलेला. बघून झालं आणि तपासणीच्या कागदावर शेवटचा रकाना उरला: आवाज ऐकला का. मी हेडफोन उचलला. पुन्हा खाली ठेवला. असं सात-आठ वेळा झालं असेल. बातमीदार दारात उभा होता. मी लिहिलं, ‘ऐकला, उपयुक्त काही नाही’, आणि सही केली.

मी तो आवाज कधीच ऐकलेला नाही. १२ मार्चला तो कागद माझ्यासमोर ठेवतील. ती सही माझीच का, असं विचारतील. तेव्हापासून रोज हेडफोन उचलते आहे. हात कानापर्यंत जातच नाही.

तू म्हणालास कळ काढ. मी काढते आहे. पण खोटी सही करून मेलेल्यांच्या बाजूनं कसं उभं राहायचं, ते तुझ्या कुठल्याच भाषणात नाही.

रागाव, पण तुटू नकोस.
तुझी,
भिंग


२४ फेब्रुवारी

चि. भिंगास,
अ. उ. आ.

हे पत्र चौथ्यांदा लिहितो आहे. पहिली तीन चांगली झाली होती, म्हणून फाडली.

आधी ९ तारखेचा माझा सल्ला परत घेतो. चिठ्ठी घे. हे पत्र खाली ठेव, डॉक्टरांकडे जा, मग पुढचं वाच.

मी वर्तमानपत्र का सोडलं, ते तुला ठाऊक आहे. सगळ्या घराला ठाऊक आहे. मालकानं माझ्या विभागाचा फोटो कापून तिथे जाहिरात लावली, मी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला आणि कामगारांसमोर अर्धा तास बोललो. ते भाषण खरं आहे. कारण खोटं आहे.

त्या वर्षी नदीवरचा पूल पडला. छायाचित्रकारानं छत्तीस फोटो आणले. पहिल्या पानासाठी एक निवडायचा होता आणि ते काम माझं. मी भिंग लावून एकेक बघत होतो. सोळाव्या फोटोत, कोपऱ्यात, एक बाई कमरेपर्यंत दगडांखाली होती आणि कॅमेऱ्याकडे बघत होती. सतराव्यात बघत नव्हती. दोन्हींच्या मध्ये किती सेकंद गेले असतील, एवढंच मी त्या दिवसापासून मोजतो आहे. मी सोळावा छापला. फोटोचं फार कौतुक झालं.

त्यानंतर मला फोटो बघता येईना. मालकानं स्वतः खोलीत येऊन सांगितलं, की दोन महिने घरी बस, पगार चालू राहील, डॉक्टरांना दाखव. भला माणूस होता. मी त्याला भांडवलदार म्हटलं. जाहिरातीचं निमित्त करून बाहेर पडलो, कारण तत्त्वासाठी नोकरी सोडणाऱ्याला लोक हार घालतात आणि घाबरून सोडणाऱ्याकडे कीव करून बघतात. तुझ्या आईच्या साठीच्या फोटोत मी नाही, ते मी खांबामागे होतो म्हणून. माझ्या घरात मोबाइल नाही, तो साधेपणा नव्हे.

आणि ते भिंग. तू नऊ वर्षांची होतीस, प्रत्येक मुंगी त्यातून बघायचीस, तुझं नावच भिंग पडलं. सगळे म्हणाले, मामानं केवढी मोठी भेट दिली. पोरी, मला ते घरात नको होतं आणि टाकून द्यायचा धीर होत नव्हता. म्हणून तुझ्या हातात दिलं. माझं ओझं मी एका लहान मुलीला खेळायला दिलं आणि पुढे एकोणीस वर्षं तिला कर्तव्य शिकवलं.

बघणं हे कर्तव्य आहे, यावरून मी आजही हटत नाही. एकट्यानं बघणं हे मात्र कर्तव्य नव्हे, तो जुलूम आहे. तो तुझ्यावर ऑफिसनं केला आणि त्याला टाळ्या मी वाजवल्या.

तुमच्याकडे ऐकणाऱ्याची जागा रिकामी आहे म्हणतेस. मला बघता येत नाही, पण कान अजून शाबूत आहेत. तुझ्या विभागप्रमुख बाईंना आधी सही खोटी आहे ते सांग. मग विचार, की एक म्हातारा चालेल का. ४ मार्चला सकाळच्या गाडीनं येतो.

क्षमा मागायची सवय नाही, शिकतो आहे.
तुझा,
मामा


५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा पोरीनं उभ्याउभ्याच संपवला. बारीक झाली आहे, पण डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आली. त्यांनी तिला पहिलं काम काय दिलं असेल? बागेत जायचं आणि झोपलेला माणूस हलायच्या आधी निघायचं. काल मी बरोबर होतो. निघाली. कोपऱ्यावर जाऊन एकदा मागे बघितलंन. मीही बघितलं, खोटं कशाला सांगू.

ती काय काम करते ते तू विचारत होतीस. लहानशी खोली, दोन खुर्च्या, खिडकीवर जाड पडदा. तिनं आपली चूक विभागप्रमुख बाईंना आधीच सांगितली होती. त्या खवळल्या, मग म्हणाल्या, की चार महिने जागा रिकामी ठेवली ती त्यांनी, तेव्हा अर्धी सही त्यांचीच. त्यांनी मला हेडफोन दिला. पोर भिंतीकडे तोंड करून बसली, दोन्ही हात कानांवर. मी डोळे मिटले.

ताई, मी सभेत गोळीबारावर किती वेळा बोललो असेन. ऐकला नव्हता कधी. आधी शिलाई मशीन चालू आहे, एका लयीत. मग ते थांबतं. मग गोळ्या. वाटतो तेवढा मोठा आवाज नसतो तो, फळीवर फळी पडावी तसा. त्यानंतर माणसं. त्याबद्दल तुला लिहीत नाही.

अगदी शेवटी कुणीतरी किंचाळतं, खालून वर चढत जाणारं. मी हेडफोन काढला. पाणी प्यायलो. पण ते किंचाळणं डोक्यातून जाईना. माणसाचा आवाज चढतो तसा फाटतो, श्वास संपला की तुटतो. हा फाटत नव्हता, तुटत नव्हता. एका मापात चढत होता. छापखान्यासमोरच्या गिरणीशेजारी मी बावीस वर्षं काढली आहेत. मी पुन्हा ऐकलं. पुन्हा. सहा वेळा.

ताई, तो भोंगा आहे. दोनच्या पाळीचा भोंगा! घड्याळाला जोडलेला, आपोआप वाजणारा. गोळ्या संपल्यावर, छत्तिसाव्या सेकंदाला सुरू होतो. म्हणजे गोळ्या दोनच्या आधी झाल्या. दगड आले दोन वाजून पाच मिनिटांनी. झालं! आणि चार महिने हा पुरावा त्या फितीत किंचाळत पडला होता.

मी ओरडून सांगितलं, तर पोरीच्या कानांवर हात. मग तिच्यासमोर जाऊन बसलो आणि हातानं तिचे हात खाली घेतले. तिला आधी वाटलं, मला काही झालं आहे. कारण, ती म्हणते, मी रडत होतो. मला वाटतं मी हसत होतो.

तिच्यासाठी इथेच राहतो १२ तारखेपर्यंत. माझ्या झाडांना पाणी घाल आणि लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा


१४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू काल सकाळी गेलास आणि आज मी लिहायला बसले. तू शेवटच्या रांगेत होतास, तिथून तुला अर्धंच ऐकू आलं म्हणतोस. एवढे कान शाबूत असलेला माणूस! घे, सगळं लिहिते.

वकिलानं आधी तो कागद दाखवला आणि सही कुणाची विचारलं. मी सांगितलं, माझी, आणि खोटी. आवाज ऐकला नव्हता. खोलीत कुजबुज झाली ती तेव्हाची. खाली लाल शाईनं दुरुस्ती आहे, ५ मार्चची, तीही दाखवली. मग तो खूश होऊन म्हणाला, की ज्यांनी एकदा खोटं लिहिलं त्यांचं आता का ऐकावं. मी म्हटलं, माझं ऐकूच नका, भोंगा ऐका.

त्यांनी लावला. मामा, स्पीकरच्या मोठ्या पेट्यांवर. मला वाटलं होतं, मी उठून जाईन. मी शिलाई मशीन ऐकलं. ते थांबलं तेव्हा मी टेबल धरलं. पुढचं मीही तुला लिहीत नाही. पण छत्तिसाव्या सेकंदाला भोंगा सुरू झाला आणि मागच्या बाकांवरचे कामगार एकदम उठून उभे राहिले. बाकं सरकली ती त्यांची. त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. आयुष्यभर ते त्या आवाजाला उठले आहेत.

त्यानंतर वकिलानं विचारलं, की मी मानसिक उपचार घेते हे खरं का. तुला ज्याची भीती होती तेच. मी हो म्हटलं. किती दिवस, विचारलं. सांगितलं. आणखी काय बघितल्यामुळे असं झालं, असं विचारायला त्यानं तोंड उघडलं आणि अध्यक्ष बाईंनी त्याला विचारलं, की तोच व्हिडिओ आता आणखी पाच वेळा लावू का, म्हणजे वकिलांना स्वतःलाच अंदाज येईल. तो बसला.

भोंग्याची नोंद झाली. कारखान्याकडून त्या दिवसाचं पाळीचं पुस्तक मागवलं आहे. अहवाल कधी येईल, काय येईल, देव जाणे. तू लगेच विजयसभा लावू नकोस.

मला तीन महिने पडताळणीतून सुट्टी दिली आहे. खोट्या सहीची ताकीदही मिळाली, ती फाइलमध्ये राहील. राहू दे. कानसेननं शेजारची खुर्ची पुसून ठेवली आहे आणि सांगितलं आहे, की ‘तुरळक सरी’ माझ्यासाठी राखून ठेवल्या आहेत. भिंग मी तुझ्या पिशवीत परत घातलं होतं. ते बाहेर काढून तू माझ्याच टेबलावर ठेवून गेलास, खाली चिठ्ठी, की आता भेट म्हणून घे. घेतलं.

आणि एक. डॉक्टरांनी सांगितलेलं दुसरं काम आज दुपारी केलं. आईचा तो व्हिडिओ मी उघडला. चौकट मोठी केली. रंग आले: आईचा पंजाबी ड्रेस पिवळा आहे, एवढा भडक की डोळे दिपावेत. चेहऱ्याकडे बघितलं. मग आवाज लावला.

ती घोरत होती, मामा. चांगली खणखणीत, दर श्वासाला एक शिट्टी. निपचित पडायच्या पाच मिनिटांत बाईसाहेबांना गाढ झोप लागली होती, आणि त्या सहा जणी पोट धरधरून हसत होत्या. म्हणून सांगत नव्हती!

मी सहा वेळा ऐकलं. तुझ्याइतकंच.

आईला सांगू नकोस, मीच फोन करते. तुझी माया आहेच, आता थोडी थट्टाही पाठव.
तुझी,
भिंग